यमुनाबाईंचा चातुर्मास

देवासच्या आमच्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला लागून एक लहान खोली आहे. इमारतीच्या नकाशात ती 'भांडार' म्हणून दाखवली आहे, पण एकोणतीस वर्षं सगळे तिला 'मावशीची खोली' म्हणत आले. मावशी म्हणजे यमुनाबाई. पद आयाचं. काम म्हणजे झाडझूड, पिण्याच्या पाण्याची टाकी, लहान मुलींचे सांडलेले डबे, मोठ्या मुलींची पोटदुखी. मी याच शाळेच्या कार्यालयात बी.कॉम. होऊन कारकून म्हणून लागलो आणि यंदा डिसेंबरात अधीक्षक म्हणून निवृत्त होईन. नोकरीची बहुतेक वर्षं आम्ही दोघांनी एकाच व्हरांड्याच्या दोन टोकांना काढली.

यमुनाबाईंच्या सासरची माणसं पूर्वी देवास संस्थानच्या धाकट्या पातीच्या पागेत चाकरीला होती. घोडे गेले, पागा गेली, घरात मराठी तेवढी राहिली आणि सासूने शिकवलेली एक रीत राहिली. ज्या घरी चाकरी करतो त्या घरातलं बाहेर बोलायचं नाही. यमुनाबाईंनी ती रीत शाळेला लावली.

त्यांच्या खोलीत भिंतीभर खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला कापडाची एकेक पिशवी. जुन्या लुगड्यांचे, परकरांचे तुकडे शिवून त्या पिशव्या करत. त्यांना वाचता येत नसे, म्हणून पिशव्यांवर नावं नव्हती, फक्त कापड वेगळं. लाल ठिपक्यांची कुणाची, निळ्या काठाची कुणाची, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. मोठ्या मुली त्यात आपल्या खाजगी वस्तू ठेवत. यमुनाबाईंनी कधी कुणाच्या पिशवीत हात घातला नाही. एखादी मुलगी वर्गातून निरोप पाठवी, "मावशी, माझ्या पिशवीतून रुमाल द्या ना," तर त्या अख्खी पिशवीच वर्गाच्या दारापर्यंत नेऊन देत. "तूच काढ, बाई. मला काय माहीत आत काय आहे."

सगळ्या मुलींत त्यांचा जीव जिच्यावर होता ती अंकिता. उंच, अबोल, दोन वेण्या घालणारी मराठी घरातली मुलगी. आठवीत असताना ती एकदा स्वच्छतागृहात फिट येऊन पडली होती. यमुनाबाईंनी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपला पदर दिला, आणि ती शुद्धीवर आल्यावर तिचा स्कर्ट धुऊन, पंख्याखाली वाळवून तिला वर्गात पाठवलं. कुणाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी तिची आई, अल्पनाताई, शाळेत आली. ही हकीकत पुढे, झाकायचं काही उरलं नाही तेव्हा, खुद्द यमुनाबाईंनीच मला सांगितली.

"मावशी, एवढं झाकून ठेवा," अल्पनाताई म्हणाल्या. "मुलीची जात. उद्या कुणी म्हणायला नको."

"मी काही पाहिलंच नाही," यमुनाबाई म्हणाल्या.

तेव्हापासून पिवळ्या फुलांच्या एका पिशवीत प्लास्टिकची लहान डबी राहू लागली. दुपारच्या सुट्टीत अंकिता येई, एक गोळी घेई, पाणी पिई, जाई. पाकिटावरचं नाव कुणी वाचू नये म्हणून अल्पनाताई गोळ्या घरीच सोलून डबीत भरत. तीन वर्षं हे असं चाललं. अंकिताला शाळेत पुन्हा फिट आली नाही.

ती अकरावीत गेली त्या जुलैत दोन गोष्टी एकदम झाल्या.

पहिली यमुनाबाईंच्या घरातली. त्यांचा नातू चिंटू टायफॉइडने महिनाभर तापला. गावातल्या टेकडीवर देवीसमोर उभ्या राहून यमुनाबाई बोलल्या की पोरगा उठला तर चातुर्मासाचे चारही महिने एकसुद्धा खोटं बोलणार नाही. पोरगा उठला. यमुनाबाई दर चातुर्मासात काहीतरी नेम धरत. कधी कांदा-वांगं सोडत, कधी चप्पल, एका वर्षी पानावरच जेवल्या. पण या नेमाने शाळेत गंमत उडाली. मुली मुद्दाम येऊन विचारत.

"मावशी, माझा आवाज कसा आहे?"

"फाटका आहे."

"मावशी, गणिताच्या मॅडमची नवी साडी?"

"त्यांना नाही शोभत."

हे मॅडमच्या कानावर गेलं. त्या भांडायला आल्या तर यमुनाबाई म्हणाल्या, "बाई, कार्तिकी एकादशीनंतर विचारा. तेव्हा छान म्हणेन." मॅडमसुद्धा हसल्या. एकदा यमुनाबाई माझ्या टेबलाशी आल्या तेव्हा मीही विचारलं, "माझ्याबद्दल काय मत आहे?"

"तुम्ही चांगले आहात, बाबूजी. पण कुणी ओरडलं की खाली बघता."

मी हसून पाण्याचा ग्लास उचलला.

दुसरी गोष्ट शाळेतली. टेकडीच्या पायथ्याशी आमची दहावीची तीन मुलं गांजाच्या पुडीसह सापडली. स्थानिक बातमीपत्रात शाळेचं नाव आलं. पालक चिडले, व्यवस्थापन घाबरलं. प्राचार्य उमाशंकरजी माणूस वाईट नव्हते, पण त्यांच्या मनाने घेतलं की आता काहीतरी करून दाखवायला हवं. त्यांनी दप्तरांची अचानक तपासणी सुरू केली आणि लघवी तपासण्याचं किट मागवलं. पट्टी बुडवायची, पाच मिनिटांत निकाल.

मी एक शंका काढली. पोरांची दप्तरं, शरीरं अशी तपासायची तर आईवडिलांची परवानगी लागेल. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल झाल्याचं मी वाचलं होतं. उमाशंकरजींनी प्रवेशअर्ज पुढे ओढला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "शाळेच्या शिस्तीसाठी आवश्यक वाटेल ती तपासणी करण्यास आमची हरकत नाही" अशा अर्थाची हिंदीतली ओळ. खाली पालकाची सही.

"ये आप ही ने तो लिखा था, भिया," ते माळव्याच्या वळणाने म्हणाले.

खरं होतं. मोबाइल आणणाऱ्या मुलांसाठी काही वर्षांपूर्वी ती ओळ मीच घातली होती. मी अर्ज घेऊन फाइलीत परत लावला.

मुलींची दप्तरं तपासायचं काम यमुनाबाईंकडे आलं. बाहेरून सुरक्षा एजन्सीच्या बायका बोलवायच्या की मावशींनी करायचं, एवढाच प्रश्न होता. त्यांनी स्वतः होऊन पत्करलं. "परक्या बायका पोरींच्या वस्तू बाहेर काढून टेबलावर मांडतील. मी निदान झाकून बघेन." त्या प्रत्येक मुलीला आपल्याकडे पाठ करून उभी करत, दप्तर तिच्याच हातात ठेवून म्हणत, "तूच बघ आणि मला सांग, काही आहे का." मुली नाही म्हणत. त्या मान डोलावत. अशी तपासणी आठवडाभर चालली.

मग व्यवस्थापनातले एक गृहस्थ, मानसिंगराव, पाहणीला आले. ते फिरत फिरत मावशींच्या खोलीपर्यंत गेले आणि भिंतीवरच्या चाळीस पिशव्या पाहून थांबले.

"ये क्या है?"

"पोरींच्या पिशव्या," यमुनाबाई म्हणाल्या.

दप्तरं तपासता आणि ही भिंत सोडता, यावर मानसिंगरावांना हसू आलं. त्यांनी एकेक पिशवी उलटी करायला लावली. त्या दिवशी जमिनीवर काय काय पडलं ते मी लिहिणार नाही. त्यात पिवळ्या फुलांच्या पिशवीतून ती डबी पडली आणि झाकण उघडून पांढऱ्या गोळ्या फरशीवर पसरल्या. नाव नाही, पाकीट नाही.

अर्ध्या तासाने प्राचार्यांच्या खोलीत आम्ही चौघे होतो. उमाशंकरजी खुर्चीत, मानसिंगराव सोफ्यावर, मी बाजूच्या टेबलाशी टिपणं घ्यायला, आणि यमुनाबाई उभ्या. मी त्यांना बसा म्हणालो. त्या बसल्या नाहीत.

"किसकी डिबिया है?" उमाशंकरजींनी विचारलं.

यमुनाबाईंनी डबीकडे पाहिलं.

"मालूम है या नहीं मालूम?"

"माहीत आहे."

"तो नाम बताइए. नहीं तो चालीस की चालीस लड़कियों का टेस्ट होगा, आज ही."

यमुनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला त्यांची नजर समजली होती, हे आता कबूल करतो. माहीत नाही म्हणाल्या असत्या तर नेम मोडत होता, आणि नेम चिंटूच्या जिवावर बोललेला. नाव घेतलं तर अल्पनाताईंना दिलेला शब्द मोडत होता. त्यांच्या हिशेबी वाटा दोनच होत्या, खरं सांगणं आणि खोटं सांगणं. सांगणारच नाही, ही तिसरी वाट त्यांना दिसली नाही. शाळेतली आया प्राचार्यांना तसं म्हणू शकते हे त्यांना आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. मला ठाऊक होतं. मी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"अंकिताची," त्या म्हणाल्या. "अकरावीतली."

"किस चीज की गोली?"

"औषध आहे."

"काहे का औषध?"

"आकडीचं. फिट येते तिला." आणि मग, मागे वळायला जागा उरली नाही म्हणून की काय, त्यांनी आठवीतल्या दिवसापासूनचं सगळं सांगितलं. सगळं खरं सांगितलं म्हणजे मुलगी सुटेल, असं त्यांना वाटलं असावं. मानसिंगराव लक्ष देऊन ऐकत होते.

"पकड़े जाने पर हर कोई दवा ही बताता है," ते म्हणाले.

अंकिताला बोलावलं. पट्टीची तपासणी झाली. ती कशी झाली, दाराबाहेर कोण उभं होतं, याची नोंद माझ्याकडे आहे. इथे देत नाही. पट्टीने एका प्रकारच्या गुंगीच्या औषधाचा अंश दाखवला. दाखवणारच होती, कारण तिच्या गोळीत तेच होतं. सुट्टीच्या आत शाळाभर झालं की अंकिता गोळ्या खाते. दोन दिवस ती 'गोलीवाली' होती.

तिसऱ्या दिवशी अल्पनाताई इंदूरच्या डॉक्टरांची फाइल घेऊन आल्या. सगळ्या चिठ्ठ्या तारीखवार लावलेल्या. उमाशंकरजींनी फाइल पाहिली, खेद व्यक्त केला, आणि मला शेरा लिहायला सांगितलं की प्रकरण नशेचं नसून आजाराचं आहे. मी लिहिला. कागदावर मुलगी निर्दोष ठरली.

निघताना अल्पनाताई मावशींच्या खोलीशी थांबल्या. आवाज अजिबात चढला नव्हता.

"मावशी, तुमचा नेम पार पडला ना?"

यमुनाबाई खाली बसून फरशी पुसत होत्या. पुसतच राहिल्या.

नशेचा संशय फिटला हेच अंकिताला बाधलं. गोळ्या खाणारी मुलगी म्हणून दोन दिवस मुलं तिला थोडी दबून तरी होती. फिट येणारी मुलगी म्हटल्यावर ती भीती गेली. कुणी तिच्या शेजारी बसेना. ती फळ्यापाशी गेली की मागून कुणीतरी हात वाकडे करून दाखवी. एका सकाळी तिच्या बाकावर कुणाचा तरी जुना जोडा ठेवलेला होता. आकडी आली की जोडा हुंगवतात, ते सगळ्यांना ठाऊक. वर्ग हसला. अंकिताने जोडा उचलून बाकाखाली नीट ठेवला, तास संपेपर्यंत बसली, आणि त्यानंतर शाळेत आली नाही.

नवरात्रात तिचा दाखला निघाला. धारला मामाकडे राहून शिकणार होती. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात मी लिहिलं, पालकांची इच्छा.

यमुनाबाईंच्या भिंतीवरच्या पिशव्या एकेक करून गेल्या. कुणी भांडली नाही. मुली येत, आपली पिशवी काढत, "घरी न्यायची आहे, मावशी," म्हणत. दिवाळीच्या सुट्टीआधी भिंतीवर नुसते खिळे होते. मुली आता पोटात दुखलं तरी वर्गातच डोकं टेकून बसत. नेमाचे प्रश्नही कुणी विचारत नव्हतं. यमुनाबाईंनी मात्र कार्तिकी एकादशीपर्यंत नेम पाळला.

त्यानंतरच्या एका शनिवारी त्या माझ्या टेबलाशी आल्या.

"बाबूजी, दाखल्यावर धारचा पत्ता असेल."

"आहे. कशाला?"

"पोरीच्या पाया पडायचं आहे."

"मोठ्या माणसाने लहानाच्या पाया पडू नये."

"मग नुसती बघून येते. तुम्ही चला. मला पाट्या वाचता येत नाहीत."

रविवारी सकाळी आम्ही इंदूरला बस बदलून धारची बस धरली. यमुनाबाईंनी इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं. मांडीवर शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. बेटमा मागे पडलं तेव्हा मी जे चार महिने मनात होतं ते बोललो.

"यमुनाबाई, तुम्हाला त्या दिवशी खोटं बोलायची गरज नव्हती. 'मी सांगणार नाही' एवढं म्हणाला असतात तरी चाललं असतं. ते खोटं होत नाही. नेमही राहिला असता."

खिडकीबाहेरच्या गव्हाच्या शेतांवरची नजर काढून त्या माझ्याकडे वळल्या.

"असं म्हणता येतं?"

"येतं."

"मोठ्या साहेबांना?"

"कुणालाही."

"तुम्हाला ठाऊक होतं तेव्हा?"

"होतं."

"तिथंच तर बसले होते तुम्ही," त्या म्हणाल्या. मग डबा मांडीवर सरळ केला.

मामांचं घर मुंजसागर तलावाच्या अलीकडच्या गल्लीत होतं. अल्पनाताई तिथेच होत्या. दार उघडून त्यांनी आम्हाला पाहिलं आणि घरच्या वळणाप्रमाणे म्हणाल्या, "या. बसा." पाणी आणलं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. फटीतून टेबल आणि दोन वेण्यांतली एक वेणी दिसत होती. अंकिता पाठमोरी बसून लिहीत होती. आमचे आवाज तिला ऐकू गेले असणार. लिहिणं थांबलं नाही.

"कशी आहे?" यमुनाबाईंनी विचारलं.

"बरी आहे. इथं कुणाला काही माहीत नाही. शेजारी सांगितलंय की हिच्या बाबांची बदली झाली म्हणून मामाकडे ठेवलं." अल्पनाताई हळू आवाजात म्हणाल्या. पुढचं त्या सांगणार होत्या, की आता इथे तरी सांभाळा, पण तेवढ्यात शेजारच्या बाई गाजरहलव्याची वाटी घेऊन आत आल्या. मोकळ्या स्वभावाच्या, गोल चेहऱ्याच्या. सरळ पलंगावर बसल्या.

"मेहमान आए हैं? कहाँ से?"

"देवास से. स्कूल की मौसी हैं," अल्पनाताई म्हणाल्या.

"अच्छा, बिटिया के स्कूल की?" बाई यमुनाबाईंकडे वळल्या. "हम तो पूछते ही रहते हैं, बीच साल में इतनी अच्छी लड़की का स्कूल क्यों छुड़ा दिया. बदली हुई थी न पापा की?"

होय म्हणायचं, एवढंच होतं. चातुर्मास संपला होता. मी मनातल्या मनात ते 'हां' म्हणूनसुद्धा टाकलं. पण यमुनाबाई ताठ बसल्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, सांगितलेला धडा बरोबर म्हणणार आहोत अशा विश्वासाने, आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "वो मैं नहीं बताऊँगी."

शेजारणीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण डोळे लोटलेल्या दाराकडे गेले, तिथून अल्पनाताईंच्या तोंडाकडे. अल्पनाताईंच्या हातातली वाटी तिरकी झाली. काय झालं ते यमुनाबाईंना दोन क्षणांनी समजलं. त्यांचा हात तोंडाशी गेला.

दार उघडलं. अंकिता बाहेर आली. वाळली होती. बोटाला शाई होती.

"आंटी, मुझे मिर्गी है," ती म्हणाली. "दवा लेती हूँ. वहाँ सबको पता चल गया था, इसलिए यहाँ आई. पापा की बदली नहीं हुई."

एखादा पत्ता सांगावा तसं ती बोलली. शेजारीण "अरे, तो क्या हुआ बेटा, आजकल सबका इलाज है," असं काहीसं म्हणाली, आणि दोन मिनिटांनी गॅसवर दूध आहे असं आठवून निघून गेली.

अल्पनाताई पदराने डोळे पुसत होत्या. अंकिता आत वळली, तशी त्या सवयीने म्हणाल्या, "मोठी माणसं आली आहेत. नमस्कार कर."

अंकिता परत फिरली. आधी माझ्या, मग यमुनाबाईंच्या पायांना तिने वाकून हात लावला, अगदी रीतसर. यमुनाबाईंचा हात तिच्या डोक्यावर गेला आणि तिथेच राहिला. मुलगी तेवढा वेळ वाकून थांबली. मग उठून आत गेली आणि दार लावून घेतलं, या वेळी कडीसकट. लाडवांचा डबा आम्ही पलंगावर ठेवून आलो.

त्या सत्राअखेर यमुनाबाईंनी काम सोडलं. नवी आया आली. तिने त्या खोलीत फिनाइलचे डबे ठेवले. दप्तरांची तपासणी आता महिन्यातून एकदा होते. किटं कपाटात पडून आहेत.

यंदा मे महिन्यात बारावीचा निकाल लागला त्या दुपारी यमुनाबाई शाळेत आल्या. उन्हातून चालत आल्या होत्या. स्टुलावर बसून धाप शमेपर्यंत थांबल्या.

"अंकिता पास झाली का, ते दिसतं का यात?" त्यांनी माझ्या संगणकाकडे बोट केलं.

दिसलं असतं. धारच्या शाळेतल्या बाबूला फोन केला की रोल नंबर मिळाला असता. अशी कामं आम्ही एकमेकांची करतो, कुणी विचारत नाही. मी फोन उचलला आणि नंबर लावायला लागलो.

"थांबा," यमुनाबाई म्हणाल्या. "तिनं कळवलं नाही ना आपल्याला?"

"नाही."

"मग राहू द्या."

मी फोन खाली ठेवला. त्या आणखी थोडा वेळ बसल्या, पाणी प्यायल्या, आणि ऊन उतरायच्या आधीच निघाल्या.